जीवशास्त्राच्या मूलभूत संज्ञा समजून कशा घ्याव्यात

जीवशास्त्राच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेले शब्द दिसले की बहुतेक विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करायला बसतात. ‘सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक म्हणजे पेशी’ हे वाक्य आठवीतले कोणतेही मूल न अडखळता म्हणून दाखवते. पण त्याच्यासमोर कोंबडीचे अंडे ठेवून ‘यात पेशी कुठे आहे?’ असे विचारले तर ते गप्प होते. फलन न झालेल्या अंड्यातील पिवळा बलक ही मूलतः एकच प्रचंड पेशी असते आणि पांढरा बलक व कवच ही तिच्याभोवतीची आवरणे असतात, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. व्याख्या तोंडपाठ आहे, परंतु शब्द आणि वस्तू यांची गाठ पडलेली नाही, असा हा प्रकार आहे.

ही गाठ घालण्यासाठी प्रत्येक संज्ञेला तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कशापासून बनला आहे? ती वस्तू किंवा क्रिया मला प्रत्यक्ष कुठे पाहता येईल? आणि या शब्दाची शीव कुठे आहे, म्हणजे त्यात काय बसत नाही? पहिले दोन प्रश्न चांगले शिक्षक विचारतातच. तिसरा मात्र बहुधा राहून जातो, आणि माझ्या मते संज्ञा खऱ्या अर्थाने समजते ती याच प्रश्नाने. पुढे काही मूलभूत संज्ञा या पद्धतीने उलगडून दाखवल्या आहेत. उरलेल्या वाचकाने स्वतः उलगडाव्यात.

कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी

पेशीपासूनच सुरुवात करावी. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शीखाली पाहिला, त्यात त्यांना लहान लहान कोठड्या दिसल्या, आणि त्यांना त्यांनी ‘सेल’ म्हटले. त्यांनी पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. आपल्याला जिवंत पेशी पाहायच्या असतील तर लाल कांदा उत्तम. कांद्याची एक जाड पाकळी घ्यावी, ती मोडावी, आणि तिच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद सोलून काढावा. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा, आणि आच्छादक काच एका कडेवर तिरपी धरून हळूहळू टेकवावी. ती धपकन टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि जाड काळ्या कडांचे ते गोल बुडबुडे म्हणजेच पेशी, असे समजून नवखे विद्यार्थी त्यांचीच आकृती काढून मोकळे होतात.

नीट पाहिले तर विटांच्या बांधकामासारखी रचना दिसते. त्या विटांच्या कडा म्हणजे पेशीभित्तिका. आतला जांभळा रंग रिक्तिकेतील, म्हणजे पेशीतल्या पिशवीसारख्या पोकळीतील, रसाचा असतो. ही रिक्तिका इतकी मोठी असते की पेशीद्रव्य आणि पेशीचे नियंत्रण करणारे केंद्रक कडेला ढकलले जातात. केंद्रक स्पष्ट दिसायला हवे असेल तर पाकळीच्या आतल्या बाजूचा बिनरंगी पापुद्रा घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाकावा, म्हणजे ते पिवळसर तपकिरी ठिपक्यासारखे उठून दिसते. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, मात्र वेगळे दिसत नाही, कारण ते भित्तिकेला आतून चिकटलेले असते. ते दाखवण्याची एक युक्ती आहे. जांभळ्या पापुद्र्याच्या काचपट्टीवर एका कडेने मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडावा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसू लागतो, पेशीभित्तिकेपासून सुटतो आणि मध्ये गोळा होतो. भित्तिका जागच्या जागी राहते व पटल आत सरकते. याला रससंकोच म्हणतात. ‘पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतील फरक सांगा’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही.

हे का घडले, याचे उत्तर परासरण या संज्ञेत आहे. निवडक्षम पारपटलातून, म्हणजे ठरावीक पदार्थच आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यातून, पाणी जिथे जास्त आहे तिथून, म्हणजे विरल द्रावणाकडून, जिथे ते कमी आहे तिकडे, म्हणजे संहत द्रावणाकडे जाते, त्याला परासरण म्हणतात. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, आणि पाण्यात टाकलेले बेदाणे फुगतात, ही त्याचीच दोन टोके. इथे शीव नीट आखून घ्यावी: उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो ते परासरण नव्हे, ते विसरण होय, कारण तिथे पटल नाही आणि पाण्याचाही संबंध नाही.

पेशीचीही शीव पाहावी. प्रत्येक पेशीत केंद्रक असतेच असे नाही. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत ते नसते, आणि जीवाणूंच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रकच नसल्यामुळे त्यांना आदिकेंद्रकी म्हणतात. तसेच प्रत्येक वनस्पतीपेशीत हरितलवक, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवणारा हिरवा कण, असते हेही खरे नाही. कांद्याच्या त्याच पापुद्र्यात हिरवा ठिपका शोधावा, तो सापडणार नाही.

शब्दाची फोड

मराठीतील पारिभाषिक शब्द संस्कृत धातूंवरून घडवलेले असल्यामुळे ते अवघड वाटतात, पण त्यांच्या फोडीत मोठी मदत दडलेली असते. ‘ऊती’ हा शब्द पाहा. एकाच प्रकारच्या, एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. हा शब्द विणणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे. ‘ओतप्रोत’ या आपल्या रोजच्या शब्दातला ‘ओत’ त्याच कुळातला. इंग्रजी ‘टिश्यू’ या शब्दाचाही मूळ अर्थ विणलेले कापड असाच आहे. पेशी हे सूत, ऊती हे कापड आणि अवयव हा त्या कापडाचा शिवलेला कपडा, एवढे चित्र डोळ्यांसमोर आणले की पेशी, ऊती, अवयव आणि अवयवसंस्था यांचा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दाने अनेकांना घाम फुटतो. यातील ‘श्लेष’ व्याकरणातल्या श्लेष अलंकारातलाच आहे: श्लिष्ट होणे म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. विश्लेषण म्हणजे सुटे करणे, तर संश्लेषण म्हणजे एकत्र जोडणे. प्रकाशाच्या ऊर्जेने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून कर्बोदक जोडून तयार करणे, हा अर्थ शब्दातच लिहिलेला आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना या फोडीचा दुहेरी लाभ होतो. त्यांना वाटते की आता सगळे शब्द नव्याने शिकायचे. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी शब्द त्यांना अर्थासह आधीच येत असतात. ग्रीक भाषेत ‘मायटोस’ म्हणजे तंतू किंवा धागा आणि ‘काँड्रिऑन’ म्हणजे कण. मायटोकाँड्रियाला मराठीत तंतुकणिका म्हणतात ते त्यामुळेच. क्लोरोप्लास्टमधला ‘क्लोरो’ हिरवा, म्हणून हरितलवक. लायसोसोममधल्या ‘लायसिस’चा अर्थ विरघळणे, विलग होणे, म्हणून लयकारिका. मराठी शब्द घडवणाऱ्यांनी नुसते नवे नाव दिलेले नाही, तर मूळ शब्दाचा अर्थ उचलून आणला आहे, आणि ही मेहनत आपण वापरली नाही तर ती वाया जाईल, असे मला मनापासून वाटते. वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहावेत आणि दोघांचीही फोड खाली मांडावी.

फोड मात्र दर वेळी सरळ अर्थापर्यंत नेत नाही, याचेही भान हवे. ‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ यांतला ‘अणू’ म्हणजे केवळ अतिसूक्ष्म. रसायनशास्त्रातल्या अणूशी त्याचा संबंध नाही, कारण एका जीवाणूतच अब्जावधी अणू असतात. ‘उत्क्रांती’ची फोड तर अधिकच दिशाभूल करते. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. यावरून उत्क्रांती म्हणजे खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढणे आणि माणूस म्हणजे शेवटची पायरी, असा समज होतो. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या विवेचनात असा जिना नाही. पिढ्यानपिढ्या सजीवांच्या समूहात होत जाणारा बदल म्हणजे उत्क्रांती. गुहेतल्या कायमच्या अंधारात राहणाऱ्या काही माशांचे डोळे पिढ्यांच्या ओघात नाहीसे झाले, तीही उत्क्रांतीच.

जवळजवळ सारखे वाटणारे शब्द

श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो, पण जीवशास्त्रात त्यांच्यात भेद आहे. हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे हा श्वासोच्छ्वास. पेशीमध्ये अन्नाचे विघटन होऊन ऊर्जा मुक्त होणे हे श्वसन. याचा पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवावी आणि सकाळी मोड आल्यावर त्या पुरचुंडीत बोटे घालावीत: आत ऊब लागते. मटकीला नाक नाही, फुप्फुसे नाहीत, श्वासोच्छ्वास नाही. तरी तिच्या पेशींत श्वसन जोरात चालू आहे आणि त्यातली काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत आहे. ऑक्सिजनच्या साहाय्याने होते ते ऑक्सिश्वसन आणि त्याच्याविना होते ते विनॉक्सिश्वसन. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री करतात, हा समजही इथेच सोडून द्यावा. श्वसन अहोरात्र चालू असते, दिवसा प्रकाशसंश्लेषणाच्या वेगापुढे ते झाकले जाते इतकेच.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत चुकीची शीव आखली जाते. ‘धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त’ असे सर्रास सांगितले जाते. खरी कसोटी रक्ताच्या दिशेची आहे: हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस शिरेत ऑक्सिजनयुक्त. ‘शुद्ध-अशुद्ध’ ही व्याख्या धरली तर या दोन्ही वाहिन्यांची नावे चुकीची ठरतील. जुन्या पुस्तकांत याच वाहिन्यांना रोहिणी आणि नीला म्हटलेले आढळते, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

‘जंतू’ हा व्यवहारातला शब्द चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो, आणि त्याचे परिणाम थेट औषधांपर्यंत पोचतात. क्षय, विषमज्वर आणि पटकी हे रोग जीवाणूंमुळे होतात. क्षयाचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. गोवर, कांजिण्या आणि डेंग्यू विषाणूंमुळे होतात. हिवताप आदिजीवामुळे, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म सजीवामुळे, होतो. त्याचा डासाच्या शरीरातला मुक्काम रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे शोधला. गजकर्ण कवकामुळे, म्हणजे बुरशीमुळे, होते. जीवाणू ही एक पूर्ण पेशी आहे, विषाणूला पेशीच नसते. तो आनुवंशिक द्रव्य आणि त्याभोवतीचे प्रथिनांचे आवरण एवढाच असून दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय आपली संख्या वाढवू शकत नाही. प्रतिजैविके जीवाणूंच्या पेशीतील रचनांवर आणि क्रियांवर घाव घालतात. विषाणूकडे त्या नसल्यामुळे विषाणूंच्या आजारावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले नाही म्हणून नाराज होणाऱ्या घरांत या एका फरकाची नीट ओळख असती तर किती बरे झाले असते.

विकर आणि संप्रेरक यांचीही अशीच अदलाबदल होते. विकर रासायनिक क्रियेचा वेग वाढवते: भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतले विकर पिष्टमय पदार्थाची शर्करा करू लागते. संप्रेरक हा निरोप असतो; तो ग्रंथीतून रक्तात उतरतो आणि दूरच्या अवयवाला प्रेरणा देतो. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन हे संप्रेरक.

हिंदी चित्रफिती पाहून अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू आणि कोशिका म्हणजे आपली पेशी. हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू. अक्षरे तीच, अर्थ वेगळा.

जास्वंद आणि भेंडी

फुलाच्या भागांची नावे वाचून शिकण्यात अर्थ नाही. पाच पाकळ्यांची साधी लाल जास्वंद हातात घ्यावी. दुहेरी जास्वंद नको, कारण तिच्यात बरेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात. बाहेरून आत जावे. देठाजवळचा हिरवा पेला म्हणजे निदलपुंज. त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचे एक वलय असते, ते जास्वंदीच्या कुळाचे वैशिष्ट्य आहे. लाल पाकळ्यांचा समूह तो दलपुंज. मधून निघणाऱ्या लांब नळीवर पिवळे दाणे लावल्यासारखे पुंकेसर दिसतात, त्यांच्या टोकाचे दाणे म्हणजे परागकोश, आणि हे सगळे मिळून पुमंग. नळीच्या शेंड्यातून पाच मखमली लाल टिकल्या बाहेर डोकावतात, ती कुक्षी. आता नळी ब्लेडने हलक्या हाताने उभी चिरावी. आत पांढरट धागा दिसेल, तो कुक्षीवृंत, आणि त्याच्या बुडाशी छोटा फुगीर अंडाशय. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय मिळून जायांग. अंडाशय आडवा कापून भिंगाखाली धरला तर पाच कप्पे आणि त्यांतली इवली बीजांडे दिसतात.

यानंतर लगेच स्वयंपाकघरातून एक भेंडी आणून आडवी चिरावी. बहुधा तेच पाच कप्पे, त्याच जागी आता बिया. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली आहे, आणि फलनानंतर वाढलेला अंडाशय म्हणजे फळ, ही व्याख्या तिच्या चकतीत उघडी पडलेली असते. या व्याख्येने वांगे, टोमॅटो आणि शेवग्याची शेंग ही सगळी फळे ठरतात. बटाटा मात्र खोड आहे आणि रताळे मूळ.

मराठी विश्वकोशात हेच भाग संवर्त, पुष्पमुकुट, किंजल्क, किंजल आणि किंजपुट अशा नावांनी येतात. शालेय पुस्तक आणि विश्वकोश यांच्या परिभाषा वेगवेगळ्या आहेत, हे माहीत असले म्हणजे दोन्ही वाचता येतात. परीक्षेत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकातलीच संज्ञा लिहावी.

गुणसूत्र, जनुक आणि हापूसचे कलम

डीएनए, जनुक आणि गुणसूत्र हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून त्यांचे नाते लक्षात ठेवावे. डीएनए हा पदार्थ आहे. १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्याची दुपेडी सर्पिल रचना मांडली. या लांबलचक रेणूचा, एखादे प्रथिन कसे बनवायचे याची माहिती असलेला तुकडा म्हणजे जनुक. आणि हा रेणू प्रथिनांभोवती गुंडाळून जी काडीसारखी रचना होते ते गुणसूत्र. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. बटाट्यात ४८ असतात, तेव्हा गुणसूत्रांच्या संख्येवरून कोण अधिक प्रगत हे ठरवू नये.

आनुवंशिकता समजण्यासाठी ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यांचे उदाहरण पुस्तकात असतेच. कोकणातल्या वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण आंबराईत आहे. हापूसची कोय पेरली तर येणारे झाड हापूससारखेच फळ देईल याची खात्री नसते, कारण कोयीतल्या रोपात मोहराला परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचीही जनुके आलेली असतात. कलम बांधले तर वरच्या फांदीत मूळ झाडाचीच जनुके जशीच्या तशी राहतात. लैंगिक प्रजनन आणि शाकीय प्रजनन, म्हणजे बीजाऐवजी फांदीसारख्या भागापासून होणारे प्रजनन, यांतला सगळा फरक या एका व्यवहारात सामावलेला आहे.

इथूनच ‘जाती’ या संज्ञेकडे वळता येते. हापूस, पायरी, केसर आणि तोतापुरी या आंब्याच्या जाती, असे आपण बोलतो. जीवशास्त्राच्या भाषेत ते वाण आहेत, आणि या सगळ्यांची जाती एकच, मँजिफेरा इंडिका. ज्यांच्यात नैसर्गिकपणे संकर होऊन प्रजननक्षम संतती निर्माण होते, असे सजीव एका जातीचे. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते, पण गाढवाची गुणसूत्रे ६२ व घोड्याची ६४ असल्यामुळे खेचराला ६३ मिळतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि खेचर सहसा वांझ राहते. म्हणून घोडा आणि गाढव या वेगळ्या जाती.

जातीच्या वरची पायरी म्हणजे प्रजाती. वर्तमानपत्रांत ‘पक्ष्यांच्या दोनशे प्रजाती आढळल्या’ असे छापून येते तेव्हा लेखकाला बहुधा जाती म्हणायचे असते. हिंदीतला ‘प्रजाति’ शब्द त्याच अर्थाने मराठीत शिरला आहे. शालेय परिभाषेत क्रम असा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. कार्ल लिनियस यांच्या द्विनाम पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा निदर्शक असतो. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ, बिबट्या पँथेरा पार्डस: प्रजाती एक, जाती तीन.

वनस्पतींमध्ये याचे उत्तम उदाहरण आपल्या गावाच्या वेशीवरच असते. वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि उंबर फायकस रेसिमोसा. पानांवरून ही तिन्ही झाडे वेगळी दिसतात. त्यांना एका प्रजातीत का घातले, हे समजण्यासाठी उंबराचे एक कच्चे, हिरवे फळ तोडून सुरीने उभे चिरावे. आतल्या पोकळीच्या भिंतीवर दाटीवाटीने शेकडो बारीक फुले लागलेली दिसतात, कारण आपण ज्याला फळ म्हणतो तो मुळात आत वळलेला पुष्पबंध, म्हणजे फुलांचा समूह, आहे, आणि शेंड्याच्या छिद्रातून आत शिरणारे चिमुकले कीटक त्या फुलांचे परागण करतात. वडाचे आणि पिंपळाचे फळही असेच चिरून शेजारी ठेवावे. तिन्हींत तीच रचना सापडते. ‘उंबराचे फूल’ दुर्मिळ म्हणून आपण बोलीत वापरतो, आणि ते या तळहातावर, एका फळात शेकड्यांनी, भिंगाशिवायही दिसते.